तोमिएकाकूंनी सिनेमाबद्दल काय लिहिलं

सोळापैकी नऊ मुळे दोरीला बांधून झाले होते. तोमिएकाकू अंगणात उकिडव्या बसून दहाव्या मुळ्याच्या पाल्याला गाठ मारत होत्या आणि मी बादलीत उरलेले सहा घासत होते. मुळे एकदा धुतले की त्याच दिवशी टांगायचे, नाहीतर लोणच्यात नरम पडतात, यावर त्यांचा भारी कटाक्ष. तेवढ्यात फाटकाशी आमच्या आळीचे अध्यक्ष सुगिमोरी येऊन उभे राहिले. काखेत पुठ्ठा.

पुठ्ठा म्हणजे आळीचा फिरता पुठ्ठा. त्याला चिमटा लावून सूचनांचे कागद अडकवलेले असतात. एका घरानं वाचायचा, आपल्या चौकटीत शिक्का मारायचा आणि शेजारच्या घरी द्यायचा. आमच्या चढाच्या रस्त्यावर सतरा घरं. तोमिएकाकूंचं घर सगळ्यांत वर, जिझोंच्या पायऱ्यांना लागून. त्यांच्या खाली माझं.

"तोमिएबाई, या खेपेला पुठ्ठा तुमच्यापासून सुरू," सुगिमोरी म्हणाले.

"माझ्यापासून? चव्वेचाळीस वर्षं तुमच्या घरापासून सुरू होतोय. मी शेवटची असते. माझ्याकडे येईपर्यंत सूचनेतली जत्रा होऊन गेलेली असते."

"म्हणूनच या वेळी उलटा. काम तुमचंच आहे. एक सिनेमा बघायचाय."

"कसला?"

"चित्रांचा. ती सगळी पोरंपोरी ज्याच्यासाठी येतायत ना, तो. आळीत कोणीच बघितलेला नाही. मीसुद्धा अर्धाच बघितला, डोळा लागला. तुम्ही बघायचा, तुमचा अभिप्राय इथं कोऱ्या कागदावर लिहायचा, मग पुठ्ठा पुढं. मफलरांचं काय करायचं ते ठरवायला हवं. रविवारी सभा आहे."

काकूंचे हात थांबले. "म्हणजे लाल काढणार?"

"तसं कुठं कोणी म्हणालंय? तुम्ही बघा तर. तुमचं मत वाचूनच बाकीची घरं ठरवतील." खिशातून त्यांनी दोन तिकिटं काढली. "एक तुमचं, एक या सायोकोबाईंचं. एकट्या नका जाऊ, बस बदलावी लागते."

काकूंनी डावा हात एप्रनला पुसला, दारातल्या चपलांच्या फळीवरच्या डबीतून शिक्का काढला, पुठ्ठ्यावर आपल्या चौकटीत दाबला, पुठ्ठा फळीवर ठेवला आणि परत येऊन दहावा मुळा हातात घेतला. आधी शिक्का, मग कधीतरी चष्मा. त्यांचा हा क्रम सगळ्या आळीला पाठ आहे. खरं सांगायचं तर सगळ्या आळीचाच तो क्रम आहे.

पहिल्या कागदावर काय लिहिलं होतं ते आम्हा दोघींना शुक्रवारपर्यंत माहीत नव्हतं. ते आताच लिहून ठेवते, म्हणजे पुढचं नीट लागेल. तिथं लिहिलं होतं: यापुढे सहाही जिझोंना सारखे पिवळे मफलर घालावेत, लाल लाळेरी बंद करावीत, मान्य असल्यास शिक्का मारावा.

आता जिझोंचं. चढ संपतो तिथं चोवीस पायऱ्या आहेत आणि पायऱ्यांवर ओळीनं सहा दगडी जिझो. आई-बापांच्या आधी गेलेल्या लेकरांना ते सांभाळतात. लेकरू समजून आपण त्यांना लाळेरं बांधतो, तांबडं. सहाही लाळेरी तोमिएकाकू शिवतात, वर्षातून दोनदा, दिवस-रात्र सारखे होतात त्या आठवड्यात. पाच यंत्रावर. तिसऱ्याचं हातानं.

तिसऱ्याचं हातानं का, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही इरिको निवडताना. इरिको म्हणजे आमची उकडून वाळवलेली बारीक मासळी. काकूंनी एकतीस वर्षं वाळवणाच्या शेडमध्ये ती निवडली. डोळे मिटून बोटांनी त्या बारका माकूळ ओळखून बाजूला टाकतात. तर निवडता निवडता, मान वर न करता म्हणाल्या, "आमची चिझू अकरा दिवसांची होती. लाळेरं शिवून ठेवलं होतं, बांधायची वेळ आली नाही. मग नेऊन तिसऱ्याला बांधलं. तिसराच का म्हणशील तर त्या दिवशी तेवढ्याच पायऱ्या चढवल्या." आणि पुढची मूठ पसरली. याला पंचावन्न वर्षं झाली. नंतर मुलगा झाला, तो ओसाकाला असतो, रविवारी फोन करतो. यजमान होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचे, ते जाऊन बारा वर्षं झाली. काकू पहाटे पायऱ्या झाडतात, मी देव्हाऱ्यात भात ठेवून घंटा वाजवते, आणि त्यांचा खराटा व माझी घंटा साधारण एकाच वेळी थांबतात.

उन्हाळ्यापासून मात्र पायऱ्यांवर माणसं येऊ लागली. टोकियोहून, कुठून कुठून. सगळी तरुण, सगळी फार सभ्य. सातव्या पायरीचा फोटो काढायचे, तिसऱ्या जिझोला वाकून नमस्कार करायचे आणि त्याच्या गळ्यात पिवळा मफलर घालायचे. सप्टेंबरात त्याच्या गळ्यात अकरा मफलर होते.

"गुदमरेल गं तो," काकू म्हणायच्या. रोज संध्याकाळी काढायच्या, धुवायच्या, घडी करून संत्र्यांच्या खोक्यात ठेवायच्या. टाकणार कशा? देवाला घातलेले. खोकी चार झाली.

एक मुलगी तर काकूंना झाडताना पाहून रडायलाच लागली. लांबून हात जोडले, वाकली, आणि जवळ यायचं धाडस होईना. काकूंनी तिला संत्रं दिलं तर दोन्ही हातांनी घेऊन छातीशी धरलं. खाल्लं नाही.

"मला काय झालंय का?" काकूंनी मला विचारलं. "चेहऱ्यावर काही दिसतंय?"

बुधवारी आम्ही दोघी शहरात गेलो. काकूंनी राखाडी किमोनो घातला होता आणि हातात कापडात बांधलेला संत्र्यांचा डबा होता.

"काकू, हा डबा कोणाला?"

"सिनेमावाल्यांना. आपला जिझो त्यांच्याकडे आहे ना? रिकाम्या हातानं कसं जायचं?"

तिकीट खिडकीवरच्या पोरीनं डबा घेतला, कोणासाठी ते तिला कळलं नाही, पण तीन वेळा वाकून आभार मानले. काकूंचं समाधान झालं. शेवटचा सिनेमा त्यांनी लग्नाआधी पाहिला होता, तलवारीचा. चित्रांचा हा पहिलाच. तो मुलांसाठी असतो असं त्यांना वाटत होतं, पण आत एकही मूल नव्हतं. सगळे मोठे, एकेकटे बसलेले आणि अंधार व्हायच्या आधीच रुमाल काढून ठेवलेले.

सुरुवात झाली आणि काकूंनी माझं मनगट धरलं.

"सायोको. आपला चढ."

खरंच आपलाच चढ होता. डांबराचं ठिगळ, पोस्टाची पेटी, वाकडा खांब. सातवी पायरी जिथं फुटली आहे तिथंच फुटलेली.

"माझा एप्रन!" काकू जरा मोठ्यानंच म्हणाल्या. चढाच्या टोकाला वाळत घातलेला निळा एप्रन वाऱ्यावर हलत होता. "अगं, हा मी धुतलेलाच नाही अजून."

पुढच्या रांगेतला एक माणूस वळला, त्यानं काकूंकडे पाहिलं, आणि घाईघाईनं तोंड पुन्हा पडद्याकडे केलं.

गोष्ट मी इथं लिहू पाहते, पण ती मला धड सांगता येणार नाही. एका सकाळी आपल्या गावाचा समुद्र निघून जातो. नुसता चिखल उरतो. शाळेत जाणारी एक मुलगी पायऱ्या चढून येते, तिला काहीतरी परत आणायचं असतं, समुद्र की दुसरंच काही, ते मला उमगलं नाही. तिसरा जिझो चौथऱ्यावरून उतरतो आणि तिच्याबरोबर निघतो. पायऱ्यांच्या टोकाला एक म्हातारी बसून शिवत असते, निळ्या एप्रनची. ती काही बोलत नाही.

"ही कोण?" काकूंनी विचारलं.

"तुम्ही असाल."

"मी एवढी कुबडी आहे?"

मी म्हटलं, नाही. मग पडद्यावरच्या मुलीला कोणीतरी सांगतं की ती म्हातारी तर तू जन्मायच्या आधीच वारली. सगळ्या थिएटरात नाकं ओढल्याचा आवाज झाला. काकू खुर्चीत ताठ बसल्या. मग माझ्या कानाशी आल्या.

"मी मेले होय? आणि मला कोणी कळवलंही नाही."

मला हसू आवरेना. पदर नाही नि काही नाही, हातमोजा तोंडात धरला. पण काकूंची थट्टा तिथंच संपली. कारण पुढं चिखलातून चालताना जिझोच्या गळ्यातलं लाळेरं सुटलं आणि खाली पडलं. मुलीनं आपला पिवळा मफलर काढून त्याच्या गळ्यात घातला. संगीत वाढलं. सगळे रडले. दोघं पुढं गेले.

"लाळेरं राहिलं," काकू म्हणाल्या.

"श्श, काकू."

"अगं, पण राहिलं ना मागं. कोणी उचललं का?"

त्यानंतर तासभर सिनेमा चालला. काय काय झालं. पाखरं आली, आगगाडी पाण्यावरून गेली, मुलीचे केस आपोआप लांब झाले. प्रत्येक वेळी चिखल दिसला की काकू पुढं सरसावत आणि डावीकडून उजवीकडे नजर फिरवत, जशा इरिकोच्या ट्रेवर फिरवायच्या. शेवटी समुद्र परत आला. जिझो आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला, पिवळ्या मफलरमध्ये. त्यावर नावं वर सरकू लागली. कोणी उठलं नाही, आमच्याकडे नावं संपेपर्यंत उठत नाहीत. अगदी शेवटी आमच्या गावाचं नाव आलं, कानेउराच्या सर्व रहिवाशांचे आभार, असं. काकू उभ्या राहिल्या आणि पडद्याला कमरेतून वाकल्या. मलाही उठावं लागलं.

बाहेर आल्याबरोबर त्यांनी विचारलं, "तू पाहिलंस? शेवटी ते कोणाच्या हातात होतं का?"

मी आठवून पाहिलं. कोणाच्या तरी हातात तांबडं काहीतरी होतं असं मला वाटलं. पण ते पाहिलं म्हणून वाटलं की असावं असं वाटलं म्हणून, ते सांगता येईना. तसंच सांगितलं.

"तू शेजारी बसून काय केलंस मग?"

"रडत होते."

"कशाला?"

तेही सांगता येईना.

बस यायला वेळ होता. थांब्यावर एक मुलगी उभी होती, पिशवीला जिझोच्या छोट्या बाहुल्या लटकवलेली. काकू थेट तिच्याकडे गेल्या. पोरगी पांढरी पडली. तिचं नाव हिनानो, आणि तिनं तो सिनेमा अकरा वेळा पाहिला होता.

"बाळ, ते लाल लाळेरं पुढं कुठं गेलं?"

हिनानोचे डोळे भरून आले. "आजी, ते लाळेरं म्हणजे भूतकाळ आहे."

"नाही गं. ते सुती आहे. दोन घड्या आणि वर पट्टी."

"म्हणजे... ते सोडून द्यायचं असतं. म्हणून समुद्र परत येतो."

"बरं. पण कोणी उचललं का?"

हिनानोनं पिशवीचा बंद पिळला. "मी कधी तिथं लक्षच दिलं नाही," ती म्हणाली, आणि तिला त्याची फार लाज वाटली असावी, कारण बस आल्यावर ती आमच्याबरोबर न चढता पुन्हा थिएटराकडे वळली.

गुरुवारी सकाळी मी काकूंकडे भाजी द्यायला गेले. दार उघडं, काकू पायऱ्यांवर. चपलांच्या फळीवर पुठ्ठा होता, त्यांच्या चौकटीत शिक्का होता, आणि अभिप्रायाचा कोरा कागद चिमट्यात नव्हता. मला वाटलं, लिहून परस्पर सुगिमोरींना दिला. शिक्का आहे म्हणजे पुढं द्यायचा. मी उचलला, घरी नेला, माझा शिक्का मारला आणि जाता जाता खालच्या घरात देऊन आले. वाचलं का? नाही. गॅसवर सूप होतं. एरवी नसतं तरी वाचलं नसतं, हे देवासमोर कबूल केलं आहे, वहीतही करते.

शुक्रवारी दुपारी काकू माझ्या दारात. हातात कागद, दोन्ही बाजूंनी लिहिलेला. कागद त्यांनी चिमट्यातून काढून स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन दिवस लिहिला होता.

"सायोको, पुठ्ठा फळीवर नाही."

"मी पुढं दिला."

"का?"

"तुमचा शिक्का होता."

"तो मी पुठ्ठा आल्या आल्या मारला! तुझ्यासमोर!"

"माझ्यासमोर मारलात, पण मला..." पुढं काय म्हणणार होते कोण जाणे.

आम्ही खाली तिसऱ्या घरी गेलो. पुठ्ठा चौथ्याकडे गेला होता. चौथ्यानं पाचव्याला दिला होता. सहाव्या घरातले आजोबा म्हणाले, "पिवळ्याबद्दल ना? हो हो, मारला शिक्का. तोमिएबाईच हो म्हणाल्यात तर आपण कोण?"

"मी कशाला हो म्हणाले?" काकूंनी विचारलं.

आजोबांनी तोंडपाठ सांगितलं, लाल बंद, पिवळे सुरू. सहा घरांत ते एकटेच वाचणारे निघाले.

काकूंनी पाय उचलला. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, गुडघ्याला पट्टा, पण उतारावर मला त्यांना गाठता येईना. सातवं, आठवं. नवव्या घरी, मोरिशितांकडे, पुठ्ठा टेबलावर होता आणि मोरिशिताबाई शिक्क्यावर तोंडाची वाफ सोडत होत्या.

"थांब!" काकू दारातून ओरडल्या.

मोरिशिताबाईंच्या हातून शिक्का चहात पडला.

"मला माझा शिक्का खोडायचाय," काकू म्हणाल्या.

"शिक्का खोडायचा?" मोरिशिताबाई चहात बोटं घालून शिक्का शोधत होत्या. "शिक्का कोणी खोडतं का, काकू? लग्नाच्या कागदावरचा मला इतकी वर्षं खोडता आला नाही."

"तुझा नवरा घरात आहे ना? ऐकेल."

"ऐकू दे. त्यालाही तेच म्हणायचंय."

आत कोणीतरी खोकललं. काकूंनी पेन मागितलं. आपल्या शिक्क्यावर दोन आडव्या रेघा ओढल्या, सरळ, एकही वाकडी नाही. रेघांवर पुन्हा शिक्का मारला, चूक दुरुस्त केली की मारतात तसा. त्यांचं हिरासावा आडनाव त्या चौकटीत दोनदा उमटलं आणि एकदा खोडलेलं. मग आपला कागद चिमट्यात अडकवला.

आळीच्या पुठ्ठ्यावर खोडलेला शिक्का कोणी कधी पाहिला नव्हता. मोरिशिताबाईंनी शेजारणीला हाक मारली. तिनं तिच्या सासूला. पाच मिनिटांत दारात सात-आठ जणं जमली आणि पुठ्ठ्यावरचा कागद लोकांनी खरोखर वाचायला घेतला. सहाव्या घरातले आजोबा मागोमाग उतरून आले होते, ते मोठ्यानं वाचू लागले. मी तो नंतर उतरवून घेतला, तो असा:

"अध्यक्षांच्या सांगण्यावरून सिनेमा पाहिला. दोन तास. खुर्ची चांगली होती. आपल्या पायऱ्या ओळखू आल्या. सातवी पायरी आहे तशी फुटलेली काढली आहे, काढणाऱ्यानं येऊन नीट पाहिली असणार. समुद्र मात्र आपला इतका निळा नसतो. मुलीचे डोळे फार मोठे आहेत. तिला झोप पुरत नसावी. समुद्र का गेला ते कळलं नाही. का परत आला तेही कळलं नाही. शेजारच्या लोकांना कळलं असावं, कारण ते रडत होते. सायोकोही रडत होती पण तिलाही कळलं नव्हतं. एक म्हातारी आहे, ती मेलेली आहे. ती मी असले तर माझी हरकत नाही. शिवताना दाखवली आहे, पण सुईत दोरा दाखवलेला नाही. तिसरा जिझो खाली उतरून चालतो. चालताना त्याचं लाळेरं चिखलात पडतं. मुलगी आपला मफलर त्याला देते. मुलगी चांगली आहे, तिच्या आईनं तिला चांगलं वळण लावलं आहे. पण लाळेरं चिखलातच राहतं. त्यानंतरचा सिनेमा मी नीट पाहिला नाही, मी लाळेरं शोधत होते. कोणी उचललं असेल आणि मला दिसलं नसेल. नसेल उचललं तर समुद्र परत आला तेव्हा ते पाण्याखाली गेलं. विचारलं त्यांना सांगता आलं नाही. म्हणून पिवळं चांगलं की लाल चांगलं, हे मला आज लिहिता येत नाही. पुन्हा पाहून लिहीन. तोवर लाल राहू द्या. थंडी आहे."

आजोबांनी चष्मा काढला. चिझूचं नाव कागदात कुठंच नव्हतं, पण आमच्या चढावरच्या जुन्या बायकांना ते ठाऊक आहे. मोरिशिताबाईंनी शिक्का एप्रनला पुसला आणि डबीत ठेवून दिला. पुठ्ठ्यावर नववी चौकट रिकामीच राहिली.

इतक्यात सुगिमोरी आले. त्यांना कोणीतरी फोन केला असणार. त्यांनी खोडलेला शिक्का पाहिला आणि कान लाल झाले.

"तोमिएबाई, हे काय? मी अभिप्राय मागितला होता. छान आहे की नाही, एवढंच."

"लिहिलंय की. कळला नाही."

"अहो, कळायची काय गरज? बोटीची फेरी दिवसातून दोनदाच उरली. मिठाईचं दुकान बंद. ही पोरं येतात, चार संत्री घेतात, एक रात्र राहतात. त्यांना पिवळं हवंय. सहाही पिवळे केले तर किती सुंदर दिसेल. दगडाला काय फरक पडतो हो?"

हे शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि ते स्वतःच थांबले. सुगिमोरींची आजी काकूंच्या बरोबर शेडमध्ये होती, त्यांनाही ठाऊक आहे.

काकूंचा आवाज चढला नाही. "अध्यक्षसाहेब, पोरं येतात ते मला आवडतं. मफलर धुवून ठेवलेत मी, एकशे सत्तावीस. थंडीत वरून घाला, मी स्वतः घालीन. पण लाळेरं काढायचं असेल तर काढलेलं कुठं जातं ते मला आधी दाखवा. सिनेमात तर कोणी दाखवलं नाही."

"सिनेमा आहे तो!"

"मग त्यावरून कशाला ठरवता?"

मोरिशिताबाई फस्सकन हसल्या. सुगिमोरींनी डोकं खाजवलं. पुठ्ठा उलटापालटा केला, जणू मागं काही लिहिलेलं असेल. मी म्हटलं, माझाही शिक्का खोडायचा आहे, मी न वाचता मारला. मग तिसऱ्या घराच्या म्हणाल्या, माझाही. सहाव्या घरातले आजोबा म्हणाले, मी वाचून मारला होता पण तोमिएबाईंवर विसंबून, तेव्हा माझाही. पेन फिरलं. दोन दोन रेघा, वर शिक्का. पुठ्ठा इतका तांबडा झाला की मूळ कागदावरची अक्षरं दिसेनात.

"आता हे मी सभेत काय म्हणून ठेवू?" सुगिमोरींनी विचारलं.

"सिनेमा कळेपर्यंत तहकूब, असं लिहा," आजोबा म्हणाले.

"आणि नाहीच कळला तर?"

त्यावर सगळ्यांनी काकूंकडे पाहिलं. काकू पायांत चपला सरकवत होत्या. "मग लाल," त्या म्हणाल्या.

परत चढताना त्या दोनदा थांबल्या, गुडघा धरून. मला वाटलं आता काही बोलतील, चिझूबद्दल किंवा निदान सुगिमोरींबद्दल. पण त्या म्हणाल्या, "ती आगगाडी पाण्यावरून गेली तेव्हा खिडकीत एक बाई होती. तिच्या मांडीवर काय होतं गं?"

मला आठवेना. तांबडं होतं का, हे विचारायची हिंमत झाली नाही. समुद्र का गेला, मुलगी जिवंत होती की नाही, मी का रडले, काहीच आठवेना. आज देव्हाऱ्यापुढं बसले तरी डोळ्यांसमोर तोच चिखल येतो आणि मीही डावीकडून उजवीकडे पाहत जाते.

काकूंना पुन्हा पाहायचा आहे आणि तिकिटं दोनच होती, ती संपली. उद्या सकाळी नऊ वाजता त्या सुगिमोरींकडे जाणार आहेत, आणखी दोन तिकिटं मागायला.